एडा लव्हलेस आणि आकड्यांचे प्रकार

कवी लॉर्ड बायरन यांची कन्या एडा यांचा जन्म १० डिसेंबर १८१५ रोजी लंडनमध्ये झाला. त्या महिनाभराच्या असतानाच आईवडील विभक्त झाले. वडिलांचा लहरी स्वभाव मुलीत उतरू नये म्हणून आईने तिला गणिताकडे वळवले. किशोरवयात गोवर झाल्यानंतर एडा यांच्या पायांतली शक्ती गेली. बराच काळ अंथरुणात आणि पुढे कुबड्यांवर गेला. अभ्यास मात्र सुटला नाही.

१८३३ मध्ये त्यांची चार्ल्स बॅबेज यांच्याशी ओळख झाली. बॅबेज यांनी आखलेल्या, पण कधीच पूर्ण न झालेल्या ‘ॲनालिटिकल इंजिन’ या गणनयंत्रावर मेनाब्रेआ यांनी फ्रेंचमध्ये लेख लिहिला होता. एडा यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १८४३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला जोडलेल्या त्यांच्या टिपा मूळ लेखाच्या जवळपास तिप्पट होत्या.

त्यांत एक बारीक मुद्दा होता. तीन फळांमधला ३ ही राशी आहे. पण ‘क्ष’च्या तिसऱ्या घातातला ३ कोणती क्रिया किती वेळा करायची ते सांगतो. अंक दिसायला एकच असला तरी यंत्राने दोन्ही वेगळे हाताळले पाहिजेत, हे त्यांनी ओळखले.

आजच्या प्रोग्रॅमिंगमधील ‘डेटा टाइप’ची कल्पना याच्या जवळची आहे. पूर्णांक, दशांश संख्या, अक्षर, होय-नाही असे माहितीचे प्रकार अनेक भाषांत आधीच जाहीर करावे लागतात. काटेकोर भाषेत लांबी आणि वजन हे वेगळे प्रकार ठरवले, तर त्यांची बेरीज करू पाहणारा प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच अडवला जातो.

गर्भाशयाच्या कर्करोगाने २७ नोव्हेंबर १८५२ रोजी, अवघ्या ३६व्या वर्षी एडा यांचे निधन झाले. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने तयार करवून घेतलेल्या अशाच काटेकोर भाषेला पुढे ‘एडा’ हे नाव मिळाले. १९८० मधील तिच्या मानकाला त्यांच्या जन्मसालाचा, १८१५ हा क्रमांक दिला गेला.

४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ रॉकेट उड्डाणानंतर मिनिटभरातच नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेचा प्रोग्रॅम एडा भाषेतच होता. त्यात ६४ बिटांची एक दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवली जात होती. तिथे ३२,७६७च्या पुढे जागा नसते. संख्या त्याहून मोठी निघाली. संगणकावरचा भार कमी ठेवण्यासाठी नेमकी या संख्येसाठीची खबरदारी वगळली होती. भाषेने चूक पकडली, पण ती सावरण्याची सोय प्रोग्रॅममध्ये नव्हती.