चीनचं एकच शहर पाहिलं आणि लंडनला दहा मजली पॅगोडा बांधला, गोष्ट विल्यम चेंबर्सची

मे २०२३ मध्ये ब्रिटनचा राजा चार्ल्स याचा राज्याभिषेक झाला. सोहळ्यानंतर तो ज्या सोनेरी बग्गीतून राजवाड्यावर परतला, तिचे रील्स तुमच्याही फोनवर येऊन गेले असतील. ती बग्गी १७६२ सालची. तिचं डिझाईन केलं होतं विल्यम चेंबर्स नावाच्या आर्किटेक्टनं.

पण या गड्याचं त्याहून भन्नाट काम लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये उभं आहे. झाडांच्या वर डोकं काढणारा दहा मजली चिनी पॅगोडा. तोही १७६२ मध्येच पूर्ण झाला.

आता तुम्ही म्हणाल, लंडनमध्ये चिनी पॅगोडा कशाला?

तर विषय सुरू होतो स्वीडनमध्ये. चेंबर्सचा जन्म १७२३ चा, गोथेनबर्ग शहरातला. वडील स्कॉटिश व्यापारी. शाळा इंग्लंडमध्ये झाली आणि पोरगं स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीत नोकरीला लागलं. हो, इंग्रजांसारखीच स्वीडनचीही ईस्ट इंडिया कंपनी होती. १७४० ते १७४९ या काळात त्यानं कंपनीच्या जहाजांवरून तीन सफरी केल्या. पहिली बंगालची, पुढच्या दोन चीनच्या कँटन बंदराच्या.

तेव्हा परदेशी व्यापाऱ्यांना चीनमध्ये मोकळं फिरता येत नसे. कँटनच्या तटबंदीबाहेर, नदीकाठच्या वखारींच्या आसपास त्यांचा मुक्काम असायचा. चेंबर्सनं त्या टापूत जे दिसलं ते कागदावर उतरवलं. घरं, देवळं, खुर्च्या, कपडे, सगळं.

नोकरी सोडून तो पॅरिस आणि इटलीत आर्किटेक्चर शिकला आणि १७५५ मध्ये लंडनला आला. टायमिंग परफेक्ट होतं. चहा, रेशीम आणि चिनी मातीच्या भांड्यांमुळे युरोपातल्या श्रीमंतांना चीनचं वेड लागलं होतं. बागेत चिनी मंडप असणं म्हणजे स्टेटस. गंमत म्हणजे असे मंडप बांधणाऱ्या बहुतेकांनी चीन पाहिलेलाच नव्हता. कपबशीवरची चित्रं बघून कामं चालायची. चेंबर्स मात्र चीनला जाऊन आला होता.

१७५७ मध्ये त्यानं आपली चित्रं पुस्तकात छापली. मित्रांनी त्याला आधीच सावध केलं होतं, की असल्या चिनी गोष्टींमुळे गंभीर आर्किटेक्ट म्हणून नाव खराब होईल. त्यानं ऐकलं नाही. पण भीती त्यालाही असावी. कारण ही शैली ग्रीक-रोमन शैलीच्या तोडीची नाही, हे त्यानं त्याच पुस्तकात सांगून टाकलं.

त्याच वर्षी त्याला राजघराण्याचं काम मिळालं. राजपुत्र जॉर्जला तो आर्किटेक्चर शिकवू लागला आणि जॉर्जची आई, राजकन्या ऑगस्टा, हिच्या क्यूमधल्या बागेत इमारती बांधू लागला. तिथंच हा पॅगोडा उभा राहिला. आठ कोनांचा, उंची जवळपास ५० मीटर, आत २५३ पायऱ्या. प्रत्येक मजला खालच्यापेक्षा रुंदीला आणि उंचीला एक फूट कमी. छपरांच्या कोपऱ्यांवर ८० लाकडी ड्रॅगन. चिनी पॅगोड्यांचे मजले बहुतेक विषम संख्येत असतात, यानं दहा बांधले. पण लोकांना त्याचं काय! एवढी उंच चिनी इमारत इंग्लंडनं पाहिलीच नव्हती.

इथपर्यंत सगळं भारी चाललं होतं. राजपुत्र आता राजा तिसरा जॉर्ज झाला होता. १७६८ मध्ये रॉयल अकॅडमी स्थापन करण्यात चेंबर्स पुढे होता आणि तिचा पहिला खजिनदारही तोच झाला.

मग १७७२ मध्ये गडबड झाली. पौर्वात्य बागांवर त्यानं नवं पुस्तक लिहिलं आणि यावेळी पाहिलेलं कमी, कल्पनेतलं जास्त लिहिलं. चिनी बागांमध्ये म्हणे पाहुण्यांना विजेचे झटके देतात! दुसऱ्याच वर्षी कवी विल्यम मेसननं निनावी विडंबनकाव्य लिहून त्याची टर उडवली. आजच्या भाषेत, चेंबर्स ट्रोल झाला. मित्रांनी दिलेला इशारा पंधरा वर्षांनी खरा ठरला.

यानंतर त्यानं मोठं चिनी काम केलं नाही. १७७६ पासून थेम्सकाठी सरकारी कचेऱ्यांसाठी त्यानं सॉमरसेट हाऊस बांधायला घेतलं, शुद्ध ग्रीक-रोमन वळणाचं. ते पूर्ण होण्याआधीच १७९६ मध्ये तो गेला. त्याला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पुरलं.

पॅगोडाची गोष्ट मात्र पुढे चालू राहिली. ड्रॅगन १७८४ मध्येच उतरवले होते. युवराजाच्या जुगाराच्या कर्जापायी ते विकले, अशी अफवा पसरली. खरं कारण साधं होतं, लाकूड कुजलं होतं. दुसऱ्या महायुद्धात तर मजल्यांना भोकं पाडून, वरून बॉम्ब टाकून ते कसे पडतात याच्या चाचण्या घेतल्या गेल्या. तरी इमारत टिकली. २०१८ मध्ये ८० ड्रॅगन परत आले, त्यातले बरेचसे थ्रीडी प्रिंटरमधून.

चेंबर्सनं क्यूमध्ये मशीदही बांधली होती आणि अल्हम्ब्राही. त्या दोन्ही इमारती आज नाहीत. ज्या चिनी कामानं नाव खराब होईल असं मित्र सांगत होते, ते मात्र अडीचशेहून जास्त वर्षं उभं आहे, आणि आज लोक तिकीट काढून २५३ पायऱ्या चढतात.