लॉर्ड गँबियर : प्रार्थना करणारा आरमारपती

जो मनुष्य गुडघे टेकून प्रार्थना करितो तो जगाच्या कामास निरुपयोगी होतो, असा टोमणा आमच्या गावोगावच्या बंधूंना पुष्कळदा ऐकावा लागतो. चावडीवर, शेताच्या बांधावर, बाजारात, जेथे म्हणून एखादा नवा ख्रिस्ती मनुष्य शिव्या देण्याचे व दारू पिण्याचे सोडून देतो, तेथे त्याचे जुने सोबती त्याला हसतात. हाच टोमणा इंग्लंडच्या आरमारातील एका मोठ्या अधिकाऱ्याने जन्मभर सोसला. त्याचे नाव जेम्स गँबियर. त्याच्या चरित्रात धैर्य आहे व धर्मनिष्ठा आहे. परंतु जे वाचून ख्रिस्ती मनुष्याने मान खाली घालावी असे एक कृत्यही आहे. पवित्र शास्त्राने दावीद राजाचे दोष झाकले नाहीत, म्हणून आम्हीही ह्या चरित्रातील कोणतीच बाजू वाचकांपासून लपवीत नाही.

गँबियर ह्याचा जन्म १३ ऑक्टोबर १७५६ रोजी अमेरिकेजवळच्या बहामा बेटांत झाला. तेथे त्याचा बाप इंग्लिश सरकारचा मोठा अधिकारी होता. हे घराणे मूळचे फ्रान्स देशाचे. तेथील प्रॉटेस्टंट लोकांचा छळ झाला तेव्हा जी कुटुंबे देश सोडून इंग्लंडात आली, त्यांपैकी हे एक होते. मुलगा लहान असतानाच त्याला इंग्लंडात आत्याकडे ठेवण्यात आले. ही आत्या, मार्गारेट मिडल्टन, मोठी भक्तिमान बाई होती. केंट परगण्यात टेस्टन म्हणून एक खेडे आहे, तेथे तिचे घर असे. तिचा नवरा चार्ल्स मिडल्टन हा पुढे लॉर्ड बारहॅम ह्या नावाने आरमारखात्याचा मुख्य झाला. त्या गावचा पाळक जेम्स रॅमसे ह्याने वेस्ट इंडीज बेटांतील गुलामांचे हाल डोळ्यांनी पाहिले होते, आणि १७८४ मध्ये त्याने त्याविषयी पुस्तक छापिले. विल्बरफोर्स ह्यास गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उभे करण्यात ह्या घराचा मोठा हात होता. अशा घरच्या मेजावर गँबियर वाढला.

त्या काळी आरमारात मुले फार लहानपणी जात. १७६७ मध्ये, अकरा वर्षांचाही नसताना, गँबियर आपल्या चुलत्याच्या जहाजावर चढला. पुढे अमेरिकेच्या लढाईत १७७८ मध्ये त्याच्या हाती एक लहान जहाज आले. परंतु वादळात त्याच्या डोलकाठ्या मोडल्या आणि फ्रेंचांनी त्याला पकडिले. कैद्यांची अदलाबदल होऊन तो सुटला, व त्याच वर्षी त्याला कप्तानाची जागा मिळाली.

१७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध सुरू झाले तेव्हा डिफेन्स नावाचे ७४ तोफांचे जहाज त्याच्या ताब्यात देण्यात आले. त्या जहाजावर त्याने जी शिस्त लाविली तिची चर्चा साऱ्या आरमारात झाली. दर रविवारी उपासना होई. शपथा व शिव्या ह्यांस बंदी होती. लग्नाचा दाखला असल्याखेरीज कोणत्याही स्त्रीस खलाश्याबरोबर जहाजावर राहू देत नसत. त्या काळच्या बंदरांतील अनाचार ज्यांना ठाऊक आहे त्यांस ही गोष्ट किती कठीण होती हे समजेल. खलाश्यांनी त्याला रडतोंड्या जिमी असे नाव ठेविले. हे प्रार्थनेचे जहाज लढाईच्या वेळी काय करील, असे पुष्कळांना वाटे.

त्याचे उत्तर १ जून १७९४ रोजी मिळाले. त्या दिवशी लॉर्ड हाउ ह्याच्या हाताखालील इंग्लिश आरमाराची अटलांटिक महासागरात फ्रेंचांशी मोठी लढाई झाली. शत्रूची रांग फोडून पलीकडे जाण्याचा हुकूम होता. सर्वांच्या आधी रांग फोडली ती डिफेन्स जहाजाने. चहूकडून तोफांचा मारा होऊन त्याच्या डोलकाठ्या एकामागून एक कोसळल्या, तरी ते जहाज झुंजत राहिले. दुसऱ्या एका जहाजाच्या कप्तानाने जवळून जाताना, प्रभू ज्याच्यावर प्रीती करितो त्याला तो शिक्षा करितो ह्या शास्त्रवचनाची आठवण देऊन गँबियरची थट्टा केली, अशी आख्यायिका आहे. परंतु त्या दिवसानंतर प्रार्थना करणारा मनुष्य भित्रा असतो असे म्हणण्यास जागा राहिली नाही. राजाने त्याला सुवर्णपदक दिले.

पुढील वर्षी तो आरमारखात्याच्या मंडळात बसला, आणि ॲडमिरलच्या हुद्द्यास चढला. आंग्र्यांच्या वेळी आमच्या कोकणात ज्यास सरखेल म्हणत त्याच जातीचा हा हुद्दा होय. १८०२ पासून १८०४ पर्यंत तो न्यूफाउंडलंड बेटाचा गव्हर्नर होता. तेथील लोक गरीब कोळी. जमिनीवर त्यांचा हक्क नसे. त्यांना गुरे-मेंढरे चारण्यास व शेती करण्यास जमीन मिळावी अशी तजवीज त्याने केली, व गरिबांच्या शाळांस साहाय्य दिले.

आता आम्ही त्या दुःखाच्या गोष्टीकडे येतो. १८०७ मध्ये युरोपखंडाचा बहुतेक भाग नेपोलियनच्या टाचेखाली होता. डेन्मार्कचे राज्य कोणाच्याच बाजूस नव्हते. परंतु त्याचे आरमार चांगले होते, आणि ते नेपोलियनच्या हाती पडेल अशी इंग्लिश सरकारास भीती वाटली. युद्ध संपेपर्यंत तुमची जहाजे आमच्या स्वाधीन करा, अशी मागणी इंग्लंडने केली. डेन्मार्कने ती नाकारिली. तेव्हा कोपनहेगन शहरावर मोठी मोहीम निघाली. समुद्रावर गँबियर मुख्य होता, आणि जमिनीवरील फौज लॉर्ड कॅथकार्ट ह्याच्या हाताखाली होती. ज्या आर्थर वेलस्लीने चार वर्षांपूर्वी आमच्या असई गावी शिंदे व भोसले ह्यांच्या फौजांशी लढाई केली होती, तोही ह्या फौजेत एक सेनानायक होता.

२ सप्टेंबरच्या संध्याकाळी शहरावर मारा सुरू झाला. तीन रात्री उखळी तोफांचे गोळे घरांवर पडत राहिले. त्यांच्या जोडीस अग्निबाणही होते; म्हैसूरच्या फौजेचे बाण पाहून इंग्लिशांनी हे बनविण्यास घेतले होते. शेकडो घरे जळाली. पवित्र मरीयेच्या नावाच्या मोठ्या देवळाचा मनोरा पेटून कोसळला. शेकडो नगरवासी मेले, आणि जुन्या अंदाजाप्रमाणे हा आकडा दोन हजारांच्या आसपास जातो. त्यांत बायका होत्या, मुले होती. ७ सप्टेंबरला शहर शरण आले. इंग्लिशांनी १८ मोठी लढाऊ जहाजे व पुष्कळ लहान जहाजे नेली. गँबियर ह्यास लॉर्ड ही पदवी मिळाली व पार्लमेंटने त्याचे आभार मानिले. परंतु शेजाऱ्याने काही अपराध केला नसता त्याचे घर जाळिले, असे बोलणारेही त्याच पार्लमेंटात होते.

ह्या कोपनहेगन शहराशी हिंदुस्थानच्या मंडळीचे जे नाते आहे ते आमच्या वाचकांनी जाणावे. हिंदुस्थानात आलेला पहिला प्रॉटेस्टंट मिशनरी झीगेनबाल्ग ह्यास डेन्मार्कच्या राजाने पाठविले. त्याची दीक्षा कोपनहेगन येथेच झाली, आणि १७०६ मध्ये तो तरंगमबाडी येथे उतरला. पुढे कंपनी सरकार मिशनऱ्यांना थारा देत नव्हते, तेव्हा केरीसाहेबांना १८०० मध्ये बंगाल्यात श्रीरामपूर येथे डेन्मार्कच्याच निशाणाखाली आसरा मिळाला. तेथे पंडित वैजनाथ ह्यांच्या साहाय्याने केरीसाहेबांनी मराठी भाषेचे काम केले. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघाले, व मराठी नवा करार १८११ मध्ये छापून झाला. कोपनहेगनवरील माऱ्यामुळे डेन्मार्क नेपोलियनला मिळाले, आणि १८०८ च्या आरंभी इंग्लिशांनी श्रीरामपूर घेतले. देवाच्या दयेने छापखान्याचे काम बंद पडले नाही. परंतु ज्या शहराने आपणांकडे शुभवर्तमान पाठविले त्या शहरावर एका प्रार्थनाशील मनुष्याने गोळे टाकिले, ही गोष्ट खरी आहे.

ह्याविषयी आम्ही काय म्हणावे? हुकूम सरकारचा होता, आणि तोफांचा मोठा भाग जमिनीवरील फौजेचा होता, हे खरे. तरी योनाच्या ग्रंथात देवाने निनवे शहरातील उजवा-डावा हात न कळणाऱ्या लेकरांची गणती केली आहे. कोपनहेगनच्या लेकरांचीही गणती त्याने केली असेल. हुकूम पाळणाऱ्याच्या हिशेबातून ती गणती कोणत्याही पदवीने पुसली जात नाही.

दोन वर्षांनी दुसरा प्रसंग आला. फ्रान्सच्या किनाऱ्यावर बास्क रोड्स नावाच्या खाडीत फ्रेंच आरमार कोंडले गेले होते. दारू व राळ भरून पेटविलेली जहाजे त्यावर सोडावी असा बेत ठरला. गँबियरला लढाईची ही रीत भयंकर वाटत होती, आणि त्याने तसे सरकारास लिहिले होते. सरकारने ह्या कामासाठी लॉर्ड कॉक्रेन नावाचा तरुण व धाडसी कप्तान पाठविला. ॲडमिरल हार्वी ह्यास वाटले की हे काम आपणांस मिळावयास पाहिजे होते. त्याने गँबियरच्या तोंडावर त्याच्या धर्मनिष्ठेची निंदा केली. त्याबद्दल त्याची चौकशी होऊन त्याची नोकरी गेली, व पुढील वर्षी त्याला परत घेण्यात आले.

११ एप्रिल १८०९ च्या रात्री पेटती जहाजे सुटली. घाबरून फ्रेंचांनी नांगरांचे दोर तोडिले, आणि सकाळी त्यांची दोन खेरीज सर्व मोठी जहाजे चिखलात रुतलेली दिसली. कॉक्रेन निशाणांनी मदत मागत राहिला. परंतु गँबियरने मोठी जहाजे दूरच ठेविली. उथळ पाणी, भरती-ओहोटी व किल्ल्याच्या तोफा ह्यांत आपली माणसे घालावयास तो तयार नव्हता. अखेर कॉक्रेन एकटाच पुढे घुसला, तेव्हा काही जहाजे मदतीस गेली. चार मोठी फ्रेंच जहाजे नष्ट झाली, बाकीची भरतीच्या पाण्यावर निसटली. कॉक्रेन पार्लमेंटचा सभासद होता. गँबियरचे आभार मानण्यास आपण विरोध करू असे त्याने कळविले. गँबियरने आपण होऊन चौकशी मागितली. पोर्ट्समथ बंदरात नऊ-दहा दिवस लष्करी न्यायसभा बसली, आणि ४ ऑगस्ट १८०९ रोजी तो सन्मानाने सुटला. तथापि त्या सभेचा अध्यक्ष त्याचा मित्र होता, आणि मागाहून लिहिणाऱ्या बहुतेक इतिहासकारांनी संधी त्याने दवडली असेच मत दिले आहे. एके ठिकाणी नगरवासी मेले म्हणून आम्ही खेद करितो, आणि दुसरीकडे त्याने माणसे वाचविली म्हणून जगाने त्याला दोष दिला. मनुष्याचा न्याय असा आहे.

आता त्याच्या उतारवयाचे काम पाहा. १७९९ मध्ये लंडनात काही भाविक लोकांनी आफ्रिका व पूर्वेकडील देश ह्यांसाठी एक मिशनरी सोसायटी स्थापिली होती. १८१२ मध्ये तिने चर्च मिशनरी सोसायटी हे नाव घेतले, आणि त्याच वर्षी लॉर्ड गँबियर तिचा पहिला अध्यक्ष झाला. मोठे लोक मिशनच्या नावास हसत त्या दिवसांत त्याने आपले नाव तिला दिले, व मरेपर्यंत, एकवीस वर्षे, ती जागा सांभाळिली. ह्याच अवधीत, १८२० मध्ये, ह्या सोसायटीचे काम मुंबईत सुरू झाले, आणि १८३२ मध्ये नाशकास पोहोचले. पुढे नाशकाजवळ शरणपूर वसले. इंग्लिश लढाऊ जहाजांनी गुलामांच्या व्यापाऱ्यांपासून सोडविलेली आफ्रिकन मुले तेथे वाढली व शिकली. त्यांपैकी जेकब वेनराइट हा १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टनसाहेबांच्या मृत्यूच्या वेळी त्यांच्या मंडळींत होता. टेस्टनच्या घरी जी प्रार्थना होत असे तिचे फळ आमच्या गोदातीरी आले, असे म्हणण्यास हरकत नाही.

दुसरे काम तहाचे. १८१२ मध्ये इंग्लंड व अमेरिका ह्यांत युद्ध पेटले होते. त्याची झळ आमच्या मुंबईसही लागली. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी येथे उतरले, तेव्हा शत्रूच्या देशाचे म्हणून त्यांना घालवून देण्याचे हुकूम झाले. गव्हर्नर सर इव्हॅन नेपियन ह्यांनी अखेर त्यांना राहू दिले. हे नेपियनसाहेब पूर्वी आरमारखात्याचे सेक्रेटरी असून गँबियरचे सोबती होते. ते युद्ध मिटविण्यासाठी बेल्जमातील गेंट शहरी दोन्ही देशांचे वकील जमले, त्यांत इंग्लंडच्या बाजूचा मुख्य लॉर्ड गँबियर होता. २४ डिसेंबर १८१४ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, तहावर सह्या झाल्या. गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी दोन्ही देशांनी झटावे असे एक कलमही त्यात घातले गेले.

गेंट येथे समोर बसलेल्या अमेरिकन वकिलांत हेन्री क्ले होता. दहा वर्षांनी ओहायो प्रांताचा बिशप चेस हा गरीब विद्यार्थ्यांसाठी पाठशाळा काढण्यास पैसे मागत इंग्लंडात आला, तेव्हा त्याने ह्याच क्लेचे पत्र गँबियरच्या नावे आणिले होते. कालच्या शत्रूच्या पत्राचा गँबियरने मान राखिला, आणि मित्रांच्या थैल्या उघडविल्या. ज्या गावी ती पाठशाळा उभी राहिली त्याचे नाव आजही गँबियर असे आहे.

१८३० मध्ये त्याला आरमारातील सर्वांत वरचा हुद्दा मिळाला. १९ एप्रिल १८३३ रोजी बकिंगहॅम परगण्यातील आयव्हर गावी तो मरण पावला, आणि तेथल्याच देवळाच्या आवारात त्याची कबर आहे. त्यास मूलबाळ नव्हते.

दावीदाने पुष्कळ रक्त सांडिले होते, म्हणून मंदिर बांधण्याचे काम देवाने त्याला दिले नाही; परंतु त्याने गोळा केलेले सोने व गंधसरू मात्र देवाने नाकारिले नाहीत. ह्या मनुष्याविषयी आम्हांस असेच वाटते. प्रिय उपदेशक बंधूंनो, तुमच्या प्रार्थनेची थट्टा झाली तर वाद घालू नका. डिफेन्स जहाजाप्रमाणे आपल्या कामात सर्वांच्या पुढे असा. आपल्या वडील माणसांचे गुण सांगताना त्यांच्या हातून झालेला अन्याय झाकू नका, कारण ज्यांची घरे जळाली त्यांना तो ठाऊक असतो. आणि ज्यांच्याशी काल भांडण झाले त्यांच्याशी आज समेट करण्याची संधी मिळाली तर ती दवडू नका. कोपनहेगनची आग विझून दोन शतके झाली; गेंटच्या सह्यांनी जोडलेले सख्य पुढे कधी युद्धाने तुटले नाही.