रमाबाई आंबेडकर : परळच्या चाळीतील एक आई

दादरच्या हिंदू कॉलनीतील 'राजगृह' पाहावयास येणारे बहुधा बाबासाहेबांच्या ग्रंथांची चौकशी करतात. त्याच वास्तूत २७ मे १९३५ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. पण त्यांचे संसारी आयुष्य सरले ते परळच्या बी. आय. टी. चाळीत, आणि आम्हांला आज सांगायचे आहे ते त्या चाळीतील आईविषयी.

दापोलीजवळच्या वणंद गावी १८९८ साली त्यांचा जन्म झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले आणि नातलगांनी भावंडांना मुंबईस आणले. भायखळ्याच्या बाजारात, दिवसाची खरेदी-विक्री आटोपल्यावर, रात्री या लहानग्या मुलीचे भीमरावांशी लग्न लागले.

१२ डिसेंबर १९१२ रोजी यशवंत जन्मला. पुढच्याच वर्षी सासरे रामजी वारले आणि पती शिक्षणासाठी अमेरिकेस गेले. १९१७ साली ते परतले. १९२० साली पुन्हा लंडनला गेले ते १९२३ पर्यंत. घरात दीर आनंदराव, जाऊ लक्ष्मीबाई, मुलेबाळे आणि तुटपुंजी मिळकत. पतीच्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून घरची ओढाताण रमाबाई शक्यतो त्यांच्या कानी घालत नसत, असे सांगतात.

गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे एकामागून एक बालपणीच गेली. एका बाळाच्या वेळी नव्या कापडाला पैसे नव्हते, तेव्हा आईने आपल्या लुगड्याचा पदर फाडून दिला, ही आठवण आजही घरोघरी सांगितली जाते. राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला. पित्याचा तो विशेष लाडका. त्या आघातातून बाबासाहेब बराच काळ सावरले नाहीत. परळमध्ये बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय सुरू झाले ते १९२९ साली. तोवर चौघेही गेले होते.

उरला तो यशवंत, आणि तोही प्रकृतीने नाजूक, संधिवाताने बेजार. चार मुले गमावलेल्या आईला पाचव्याच्या ताटातले उरलेले अन्न काय सांगत असेल, हे आजारी मूल सांभाळणाऱ्या आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. रमाबाई उपासतापास करीत. स्वतःच्या खालावत्या देहाकडे मात्र त्यांनी फारसे पाहिले नाही. पंढरपूरला जाण्याची त्यांची इच्छा होती. जिथे अस्पृश्यांना विठोबाच्या पायाशी जाता येत नव्हते, तिथे बाहेरूनच हात जोडून परतणे बाबासाहेबांना मान्य नव्हते. ती इच्छा राहूनच गेली.

धारवाडच्या वसतिगृहातील मुले उपाशी असल्याचे कळताच त्यांनी हातातील सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, अशीही आठवण आहे. परळच्या त्या खोल्यांत राहिलेल्या बाईला भुकेल्या मुलाचा चेहरा ओळखावयास वेळ लागला नसावा.

यशवंत जगला. पुढे भारतीय बौद्ध महासभेचे काम त्याने सांभाळले. दादरच्या चैत्यभूमीच्या उभारणीतही त्याचा वाटा मोठा होता. तो १९७७ साली वारला. बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा आपला ग्रंथ रमाबाईंच्या स्मृतीस अर्पण केला, त्यात त्यांचा उल्लेख आहे तो 'रामू' या घरातल्या नावाने.