रेव्हरंड नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली कोकणातील करजगावी झाला. आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना बायबल दिले. ते वाचता वाचता ख्रिस्तावर त्यांची श्रद्धा जडली. ही गोष्ट उघड केली, तर आप्तेष्ट दुरावतील, हे ते जाणून होते. तरीही मनास पटलेले सत्य लपवून ठेवणे त्यांना रुचेना. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई यांचाही वियोग त्यांना काही वर्षे सोसावा लागला. पुढे त्या परत आल्या व स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. टिळकांनी आपली श्रद्धा अभंग व कीर्तने यांच्याद्वारे, मराठी माणसाच्या ओळखीच्या वाणीतून, लोकांना सांगितली. १९१९ साली मुंबईतच त्यांचे देहावसान झाले. धर्म बदलला, तरी मायबोलीशी असलेले त्यांचे नाते अखेरपर्यंत अतूट राहिले.