राहून गेलेली पीएचडी

कमरेवर नाहीतर छातीवर, अंगाच्या एकाच बाजूला, आग आग होणाऱ्या फोडांचा पट्टा उठतो. घरातलं कुणीतरी म्हणतं, नागीण झाली. तिची दोन तोंडं एकमेकांना भिडली की माणूस संपला, अशी भीती घालणारी एखादी शेजारीणही असतेच. (ते अजिबात खरं नाही, हे इथेच सांगून टाकते.) डॉक्टर मात्र शांतपणे असायक्लोव्हीर लिहून देतात. गाऊटने पायाचा अंगठा सुजलेल्या काकांना ॲलोप्युरिनॉल, मूत्रपिंड बदललेल्या पेशंटला अझाथायोप्रीन, रक्ताचा कर्करोग झालेल्या चिमुरड्याला मर्कॅप्टोप्युरिन. आजार चार, औषधं चार, पण सगळ्यांचा माग काढत गेलं की आपण एकाच बाईच्या प्रयोगशाळेत जाऊन पोचतो. गर्ट्रूड एलियन. १९८८ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा ती ना वैद्यकीय पदवीवाली डॉक्टर होती, ना पीएचडीवाली.

गर्ट्रूडचा जन्म २३ जानेवारी १९१८ चा, न्यूयॉर्कचा. वडील लिथुआनियातून आलेले दातांचे डॉक्टर, आई पोरवयातच अमेरिकेत आलेली. पोरगी पुस्तकवेडी, कुठलाही विषय द्या, तिला तो आवडायचाच. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि वडिलांचं दिवाळं निघालं. त्यामुळे कॉलेजचा खर्च परवडण्यातला नव्हता. न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजात मुलींना फी नव्हती, फक्त मार्क चांगले लागत. ते तिच्याकडे होते.

विषय कुठला घ्यायचा हे मात्र आजोबांनी ठरवलं. म्हणजे त्यांनी सांगितलं नाही काही. ती पंधरा वर्षांची असताना ते पोटाच्या कर्करोगाने गेले. तिचे लाडके आजोबा, नातीला गोष्टी सांगणारे. हॉस्पिटलमधल्या त्यांच्या शेवटच्या दिवसांतल्या यातना तिने जवळून पाहिल्या, आणि या आजारावर औषध शोधायचं असं मनाशी धरून तिने रसायनशास्त्र घेतलं. पंधराव्या वर्षी आपण सगळ्याच काय काय ठरवतो. हिने ते सोडलं नाही.

१९३७ मध्ये एकोणिसाव्या वर्षी ती उत्तम गुणांनी पदवीधर झाली. पुढच्या शिक्षणासाठी पंधरा विद्यापीठांकडे अर्ज केले. आर्थिक मदत एकानेही दिली नाही. नोकरीच्या एका मुलाखतीत तर, तुमच्या येण्याने आमच्या प्रयोगशाळेतल्या पुरुषांचं लक्ष विचलित होईल, असं कारण तिला ऐकवलं गेलं. गंमत म्हणजे तेव्हा तिला राग आला नाही, आश्चर्य वाटलं. प्रयोगशाळेत बायका का नसतात, हा प्रश्न तोवर तिला पडलेलाच नव्हता.

मग सुरू झाली वणवण. सेक्रेटरीच्या कोर्सला नाव घातलं, सहा आठवड्यांत सोडलं. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना तीन महिने जीवरसायनशास्त्र शिकवलं. एका समारंभात एक केमिस्ट भेटला, त्याच्या प्रयोगशाळेत बिनपगारी राबायला तयार झाली. होय, बिनपगारी. पुढे आठवड्याला वीस डॉलर मिळू लागले. ते साठवून, आईबाबांच्या घरी राहून तिने न्यूयॉर्क विद्यापीठात एमएस्सीला प्रवेश घेतला. रसायनशास्त्राच्या वर्गात ती एकटीच मुलगी. दिवसा शाळेत शिकवायचं, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी प्रयोग करायचे. १९४१ मध्ये पदवी हाती आली.

त्याच वर्षी लेनर्ड गेला. लेनर्ड कँटर हा तिचा वाग्दत्त वर, संख्याशास्त्राचा हुशार विद्यार्थी. त्याच्या हृदयाच्या झडपांना जंतुसंसर्ग झाला. पेनिसिलिन बाजारात यायला आणखी काही वर्षं होती. ते वेळेवर असतं, तर तो वाचण्यासारखा होता. तिने पुढे लग्न केलं नाही. यावरून तिची प्रेमकहाणी रंगवायचा मोह होतो, पण तिचा स्वभाव त्यातला दिसत नाही. ऑपेराचं वेड, फोटोग्राफी, देशोदेशीचे प्रवास, भाच्यांचे लाड, यांनी तिचं आयुष्य चांगलं भरलेलं होतं. एवढं मात्र खरं, की औषध थोडं उशिरा येणं म्हणजे काय, हे तिने घरात दोनदा पाहिलं होतं.

दुसऱ्या महायुद्धाने पुरुष लढाईवर गेले आणि प्रयोगशाळांना अचानक बायकांची आठवण झाली. गर्ट्रूडला काम मिळालं ते एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत. लोणच्याचा आंबटपणा मोजायचा, मेयॉनीजमध्ये जाणाऱ्या अंड्याच्या बलकाचा रंग बरोबर आहे ना बघायचं, जॅमसाठी आलेल्या फळांना बुरशी नाही ना तपासायचं. शिकण्यासारखं होतं तेवढं शिकून ती बाहेर पडली.

१९४४ मध्ये वडिलांनीच बरोज वेलकम या कंपनीचं नाव सुचवलं. त्यांच्या दवाखान्यात या कंपनीच्या वेदनाशामक गोळ्या येत असत. न्यूयॉर्कजवळ टकाहो गावी कंपनीची प्रयोगशाळा होती. तिथे जॉर्ज हिचिंग्ज यांनी मुलाखत घेतली आणि आठवड्याला पन्नास डॉलरवर तिला ठेवून घेतलं. त्यांच्याकडे आधीपासून एक बाई काम करत होती, म्हणजे लक्ष विचलित होण्याची भीती त्यांना नसावी! या माणसाचं मोठेपण असं, की त्यांनी हिला हाताखालची मदतनीस करून ठेवली नाही. स्वतंत्र विषय दिला, स्वतःच्या नावाने शोधनिबंध लिहू दिले. वरिष्ठ असे मिळणं हेही नशीबच.

त्या काळात औषध सापडायचं ते बहुतेक योगायोगाने, नाहीतर शेकडो रसायनं जनावरांना देऊन बघत बसल्याने. हिचिंग्ज यांची कल्पना वेगळी होती. कुठल्याही पेशीला दुप्पट व्हायचं तर डीएनए तयार करावं लागतं, आणि त्यासाठी प्युरिनसारखा कच्चा माल लागतो. कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात, त्यांना तो फार लागतो. मग हुबेहूब प्युरिनसारखा दिसणारा, पण खोटा माल त्यांच्या पुढ्यात टाकला तर? कुलपात जवळजवळ बरोबर बसणारी किल्ली घातली की ती फिरतही नाही आणि निघतही नाही, तसं काहीसं. ही खोटी प्युरिनं बनवायचं काम गर्ट्रूडकडे आलं. तेव्हा डीएनएची रचनासुद्धा कुणाला माहीत नव्हती, ती कळली १९५३ मध्ये.

नोकरी सांभाळून ती रात्री ब्रुकलिन पॉलिटेक्निकमध्ये पीएचडीला जाऊ लागली. लांबचा रोजचा प्रवास, परतायला उशीर. दोनेक वर्षांनी तिथल्या डीनने निर्वाणीचं सांगितलं, की अशी अर्धवेळ पीएचडी चालणार नाही, नोकरी सोडा आणि पूर्णवेळ या. नोकरी सोडणं म्हणजे हातातलं काम सोडणं. तिने पीएचडी सोडली. आज हे सांगायला सोपं आहे, कारण पुढचं सगळं आपल्याला ठाऊक आहे. त्या वेळी तिला ठाऊक नव्हतं. संशोधनात पीएचडी नसलेल्या बाईला काय किंमत असते, हे मात्र पक्कं ठाऊक होतं. आपण चूक तर नाही ना केली, ही शंका तिला कितीतरी वर्षं सतावत होती.

पहिलं आशादायक औषध होतं डायअमिनोप्युरिन. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंगमध्ये ते रक्ताच्या कर्करोगाच्या काही रुग्णांना दिलं गेलं. त्यांत एक तेविशीतली तरुणी होती. ती इतकी छान सुधारली, की तिचं लग्न झालं, मूल झालं. आणि मग आजार उलटला. ती गेली. चाळीस वर्षांनंतरही या मुलीबद्दल बोलताना गर्ट्रूडचे डोळे भरून येत. पेशंट तिने तपासलेले नव्हते, ती रसायनं बनवणारी बाई. पण आपल्या बाटलीतली पूड पुढे कुणाच्या अंगात जाते, हे तिच्या नजरेआड कधी झालं नाही. ती स्लोन-केटरिंगच्या डॉक्टरांकडून एकेका रुग्णाची खबर घेत राही.

ती पुन्हा कामाला लागली. १९५१ पर्यंत शंभराहून जास्त प्युरिनं बनवून तपासून झाली होती. त्यांतल्या एकात ऑक्सिजनच्या जागी गंधकाचा अणू बसवलेला होता. हेच मर्कॅप्टोप्युरिन. तोवर ल्युकेमिया झालेली निम्मी मुलं तीन-चार महिन्यांत जात. या औषधाने ती सावरू लागली. १९५३ मध्ये त्याला अमेरिकेत परवानगीही मिळाली. मुलं बरी होत, पण बहुतेकांचा आजार परतायचा, आणि याचं दुःख तिला जास्त होतं. पुढे डॉक्टरांनी हे औषध इतर औषधांच्या जोडीने, लांब मुदतीपर्यंत द्यायला सुरुवात केली आणि चित्र पालटलं. चांगले उपचार मिळाले तर या प्रकारच्या ल्युकेमियातली दहापैकी आठ-नऊ मुलं आज बरी होतात. परळच्या टाटा हॉस्पिटलमधून घरी गेलेल्या पोरांच्या आयाही हीच गोळी महिनोन्‌महिने न चुकता भरवत असतात.

बाकीची औषधं एकातून एक निघत गेली. मर्कॅप्टोप्युरिन शरीराची प्रतिकारशक्ती दाबतं, हे बोस्टनच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्याचंच भावंड असलेलं अझाथायोप्रीन गर्ट्रूडने बनवलेलं होतं. ते दिल्यावर शरीर परक्या अवयवाला हाकलून देईनासं झालं, आणि १९६२ मध्ये बोस्टनलाच जोसेफ मरे यांनी नात्यात नसलेल्या माणसाचं मूत्रपिंड बसवून दाखवलं. ॲलोप्युरिनॉलची गोष्ट तर आणखी मजेची. मर्कॅप्टोप्युरिन शरीरात लवकर मोडू नये म्हणून त्याला जोड द्यायला ते वापरून पाहिलं, तर रक्तातलं युरिक ॲसिडच उतरलं. गाऊटवाल्यांचं भलं झालं.

नागिणीचं असायक्लोव्हीर १९७० च्या दशकातलं. विषाणू आपल्याच पेशीत घर करतो, त्यामुळे त्याला मारायचं तर पेशीही मरणार, असं तेव्हा बहुतेकांना वाटायचं. हे औषध मात्र निरोगी पेशीत जवळपास निजून राहतं. विषाणूचं स्वतःचं विकर त्याला जागं करतं आणि स्वतःचाच घात करून घेतं. ही कामगिरी गर्ट्रूडच्या विभागाची, त्यात हॉवर्ड शेफर आणि इतर सहकारी होते. १९६७ पासून ती या विभागाची प्रमुख होती.

१९८३ मध्ये ती निवृत्त झाली. नोबेल आलं त्यानंतर पाच वर्षांनी, हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्याबरोबर वाटून. भल्या पहाटे बातमीदाराचा फोन आला तेव्हा ती तोंड धूत होती, आणि कुणीतरी थट्टा करतंय असंच तिला वाटलं. स्टॉकहोमला ती भाऊ, भाचरं असा मोठा गोतावळा घेऊन गेली. पुढच्या वर्षी ब्रुकलिनच्या त्याच पॉलिटेक्निकने तिला मानद डॉक्टरेट दिली. तोवर अशा बऱ्याच पदव्या जमल्या होत्या.

उरलेली वर्षं ती नॉर्थ कॅरोलिनातच राहिली. ड्यूक विद्यापीठात दरवर्षी तिसऱ्या वर्षाचा एखादा मेडिकलचा विद्यार्थी तिच्याकडे संशोधन शिकायला येई. औषध पेशंटच्या शरीरात गेल्यावर नेमकं करतं काय, हे त्या भावी डॉक्टरांनी स्वतः हाताने शोधून बघावं, यावर तिचा भर असे. २१ फेब्रुवारी १९९९ ला ती गेली, ८१ वर्षांची होऊन. पेशंटांनी आणि त्यांच्या आईबापांनी पाठवलेली पत्रं तिने जपून ठेवली होती. कुणाचा मुलगा वाचला होता, कुणाचं बदललेलं मूत्रपिंड कित्येक वर्षं नीट चाललं होतं, तर कुणाची नागिणीपायी जाऊ पाहणारी दृष्टी वाचली होती.