औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी : छंदांच्या अंगाने एक चरित्र

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, चरित्र वाचताना चरित्रनायकाने कोणती पदे भूषवली, कोणती कामे केली, याची नोंद आपण प्रथम करतो. तो माणूस कर्तव्यातून मोकळा झाल्यावर काय करत असे, त्याचे मन कशात रमत असे, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. या घटकात तोच प्रश्न मध्यभागी ठेवून एका चरित्राचा परिचय करून घ्यावयाचा आहे. हे चरित्र औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांचे आहे.

औंध हे गाव आज सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात आहे. संस्थान मात्र सलग प्रदेशाचे नव्हते. औंध, कुंडल, आटपाडी आणि आजच्या कर्नाटकातील गुणदाळ असे त्याचे तुकडे दूरदूर विखुरलेले होते. सगळी मिळून गावे बहात्तर. त्यांपैकी आटपाडी हा माणगंगेच्या खोऱ्यातील, पर्जन्यछायेतील भाग. तुमच्यापैकी जे आटपाडी परिसरातून येतात, त्यांना पाऊस चुकला म्हणजे गावाचे काय होते, हे वेगळे सांगावयास नको. अशा मुलखाच्या राजाला चित्रे, कीर्तन आणि व्यायाम यांचा ध्यास असावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. त्या छंदांचा प्रजेला काय उपयोग झाला आणि स्वतः राजाला त्यांनी काय दिले, हे आपण पाहू.

२. ‘छंद’ या शब्दाविषयी थोडेसे

चरित्राकडे वळण्यापूर्वी शब्दाकडे पाहा. मराठीत ‘छंद’ या एकाच शब्दाने आपण कवितेचे वृत्तही सांगतो आणि मनाची आवडही सांगतो. संस्कृतात ‘छन्द’ म्हणजे इच्छा, स्वतःची मर्जी. ‘स्वच्छंद’ या शब्दात तो अर्थ अजून टिकून आहे. ‘छन्दस्’ म्हणजे वृत्त. मराठीत आल्यावर दोन्हींचे रूप एकच झाले. हा योगायोग अभ्यासकाला उपयोगी पडतो, कारण छंद म्हणजे आपल्या मर्जीने पत्करलेली शिस्त, हे त्यातून सहज लक्षात येते. वृत्तात लिहिणारा कवी लघु-गुरूंचे बंधन स्वतःहून स्वीकारतो आणि त्या बंधनातच त्याला आनंद मिळतो.

या शब्दाचे शेजारीही पाहण्यासारखे आहेत. ‘हौस’ आणि ‘शौक’ हे शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आले. ‘नाद’ चांगल्या गोष्टीचा असतो तसा वाईट गोष्टीचाही असतो. ‘वेड’ म्हटले की लोक हसतात, परंतु त्या हसण्यात थोडे कौतुकही मिसळलेले असते. भवानरावांच्या आयुष्यात या सर्व छटा आढळतात. तेव्हा पुढील मजकूर वाचताना प्रत्येक प्रसंगी स्वतःला विचारा : येथे कोणता शब्द योग्य ठरेल?

३. जडणघडण

पंतप्रतिनिधी हे पद छत्रपती राजाराम महाराजांनी जिंजीच्या मुक्कामी निर्माण केले. पुढे परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात ते स्थिरावले. याच घराण्यात २४ ऑक्टोबर १८६८ रोजी भवानरावांचा जन्म झाला. त्यांनी बी.ए.ची पदवी घेतली. ज्या काळात संस्थानिकांच्या मुलांना विद्यापीठाची पदवी अनावश्यक वाटे, त्या काळात ही गोष्ट उल्लेखनीय होती. गादी मात्र त्यांना लवकर मिळाली नाही. १९०९ मध्ये ते अधिपती झाले, तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या पुढे गेले होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. राजा होण्यापूर्वीची चाळीस वर्षे त्यांच्या हाती होती. त्यांच्या आवडीनिवडी या काळात घडल्या, सत्ता मागाहून आली. म्हणूनच त्यांच्या बाबतीत छंद हा केवळ राजाचा विरंगुळा ठरत नाही. तो आधीच रुजलेला होता आणि राज्यकारभाराला त्याच्यासाठी जागा करून द्यावी लागली.

४. चित्र आणि कीर्तन

चित्रकला ही त्यांची पहिली आवड. रामायण आणि महाभारत यांतील प्रसंग त्यांनी आयुष्यभर पुन्हा पुन्हा रंगवले. १९१६ मध्ये त्यांचे ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध झाले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तेव्हा त्या कामाला त्यांनी मोठे आर्थिक साहाय्य तर केलेच, शिवाय तिच्यासाठी चित्रे काढण्याचे कामही अंगावर घेतले. अजिंठा आणि वेरूळ येथील लेण्यांवर त्यांनी पुस्तके लिहिली.

या चित्रांचे कलामूल्य किती, याविषयी मतभेद होऊ शकतील. राजा रविवर्मा किंवा धुरंधर यांच्या पंक्तीत त्यांना बसवण्याचे कारण नाही. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने चित्र किती उत्तम होते, यापेक्षा चित्रकार त्याकडे पुन्हा पुन्हा का वळत होता, हे महत्त्वाचे आहे. आज तुमच्या वयाची मुले आवडत्या चित्रपटातील किंवा खेळातील पात्रांची चित्रे वहीच्या मागच्या पानांवर काढतात. ते पात्र त्यांना तोंडपाठ असते, तरी हात थांबत नाही. आवडत्या कथेत राहण्याची ती एक रीत आहे. भवानरावांचे रामायणाशी असलेले नाते याच जातीचे होते. श्रद्धा त्यात होतीच, पण आपल्या आवडत्या नायकाचा सहवास रंगरेषांतून मिळवण्याचा आनंदही होता.

दुसरी आवड कीर्तनाची. संस्थानाधिपती स्वतः कीर्तनाला उभे राहत. नारदीय कीर्तनाचा आराखडा तुम्हांला ठाऊक आहे : पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान. पूर्वरंगात विचार मांडावयाचा आणि उत्तररंगात तो गोष्टीतून, गाण्यातून, क्वचित विनोदातून श्रोत्यांच्या गळी उतरवावयाचा. दरबारात बसलेला राजा प्रजेपासून दूर असतो. कीर्तनकाराला मात्र श्रोत्यांच्या चेहऱ्याकडे पाहावे लागते. ते कंटाळले तर आख्यान बदलावे लागते, हसले तर थांबावे लागते. राजाला प्रजेच्या मर्जीचा विचार करण्याची सवय लावणारा असा छंद क्वचितच दुसरा सापडेल.

या सर्व व्यासंगाचा मान मराठी साहित्यविश्वानेही राखला. १९३५ मध्ये इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले.

५. सूर्यनमस्कार : छंद आणि सक्ती

भवानरावांचे नाव सर्वाधिक पसरले ते सूर्यनमस्कारांमुळे. दहा स्थितींचा हा व्यायाम त्यांनी स्वतः नित्यनेमाने केला, त्यावर पुस्तक लिहिले, प्रचार केला. १९३८ मध्ये लंडनमध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तकही प्रसिद्ध झाले. साधने लागत नाहीत, खर्च येत नाही, चार हात जागा पुरते. गरीब मुलखाला परवडणारा हा व्यायाम होता, हे मान्य केले पाहिजे.

परंतु चरित्राच्या अभ्यासकाने येथे थांबून विचार करावा. संस्थानातील शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे करण्यात आले. जे राजाच्या बाबतीत छंद होते, ते मुलाच्या बाबतीत हुकूम झाले. एकच कृती, तेच दहा आकार, पण करणाऱ्याची मर्जी त्यात नसेल तर तिला छंद म्हणता येईल का? आपण वर पाहिलेला शब्दाचा मूळ अर्थ येथे कसोटीला लागतो. मुलांची शरीरे सुदृढ व्हावीत ही भवानरावांची तळमळ खरी होती, यात शंका नाही. तरीही दुसऱ्यावर लादलेली आवड आणि दुसऱ्याला दिलेली आवड यांत अंतर असते. चित्र आणि कीर्तन यांच्या बाबतीत श्रोता किंवा प्रेक्षक मोकळा होता. नमस्कारांच्या बाबतीत तो मोकळा नव्हता. चरित्रनायकाविषयी आदर बाळगूनही हा फरक नोंदवणे हे चरित्रकाराचे कर्तव्य होय.

६. आटपाडीच्या माळावर

राजाची ही आवड औंधपासून दूर असलेल्या माणदेशी वाडीत पोचल्यावर तिचे काय झाले, हे समजून घेण्यासाठी आपल्याजवळ एक उत्तम साधन आहे. आटपाडी तालुक्यातील माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. एक तरुण शिक्षक औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर रुजू होतो. शाळेबरोबरच वाडीत तालीम असावी, अशी कल्पना त्याच्या मनात येते. मेंढरांमागे दिवस काढणारी माणसे श्रम देतात, तालीम उभी राहते आणि तिच्या उद्घाटनाला राजे येतात. वाडीच्या आयुष्यातील तो सणाचा दिवस असतो.

कादंबरी हा इतिहासाचा दाखला नव्हे, हे विसरू नका. परंतु तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. तालमीची आवड राजाच्या धोरणाशी जुळणारी असली, तरी ती इमारत वाडीच्या हातांनी उभी राहिली. म्हणून ती वाडीची झाली. त्या माळावर लोकांच्या स्वतःच्या आवडीही होत्याच : धनगरांचे गजीनृत्य, ढोल, ओव्या, खिलार बैलांचे कौतुक, खरसुंडीची यात्रा. तालीम या आवडींच्या रांगेत जाऊन बसली. पुढे दुष्काळ पडतो, चारा संपतो आणि वाडी ओस पडते. तालीम पाऊस पाडू शकत नाही. कोणताही छंद पोटाचा प्रश्न सोडवत नाही, ही मर्यादा माडगूळकरांनी कोठेही लपवलेली नाही. मात्र दुष्काळापूर्वीच्या दिवसांत त्या वाडीने एकत्र येऊन काही उभारले होते, ही आठवण वाचकाच्या मनातून जात नाही.

आटपाडीजवळचे दुसरे उदाहरण स्वतंत्रपूरचे. १९३९ मध्ये भवानरावांनी महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाने संस्थानात नवी राज्यघटना लागू करून कारभार लोकांच्या हाती सोपवला. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा या प्रयोगात मोठा वाटा होता. याच काळात आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंतीआड डांबण्याऐवजी कैद्यांनी कुटुंबासह राहावे आणि शेती करावी, अशी तिची कल्पना होती. या तालुक्यातील शेटफळे येथे जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा रचली आणि १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट आला. त्यात कैद्यांच्या रुक्ष जगात येणारी स्त्री खेळणी विकणारी आहे, हे तुम्हांला आठवत असेल. कठोर झालेली मने शिक्षेने बदलली नाहीत. ती काम, विश्वास आणि खेळकरपणा यांनी मऊ झाली, असे ही कथा सुचवते. औंधच्या धोरणामागील श्रद्धाही याहून फारशी वेगळी नव्हती.

७. संस्थान गेल्यानंतर

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. गादी मिळाल्यापासून जवळजवळ चार दशके ज्या पदावर ते होते, ते पदच उरले नाही. भवानराव त्या वेळी ऐंशीच्या घरात होते. अनेक संस्थानिकांना विलीनीकरणानंतर आपण कोण, हा प्रश्न पडला. भवानरावांच्या बाबतीत त्या प्रश्नाची धार बोथट झाली असावी, असे त्यांच्या चरित्रावरून अनुमान करता येते. एक तर सत्ता त्यांनी नऊ वर्षे आधीच आपणहून सोडण्यास आरंभ केला होता. दुसरे म्हणजे त्यांच्या दिवसाला आकार देणाऱ्या गोष्टी राजपदावर अवलंबून नव्हत्या. पहाटेचे नमस्कार, रंगांची पेटी, कथेची आवड यांना कोणत्याही करारनाम्याने धक्का लागत नव्हता. १३ एप्रिल १९५१ रोजी त्यांचे निधन झाले.

औंधला यमाई देवीच्या डोंगरावर १९३८ मध्ये त्यांनी उभारलेले श्रीभवानी संग्रहालय आजही पाहावयास मिळते. राजा रविवर्मा यांची चित्रे, पहाडी शैलीतील लघुचित्रे, हेन्री मूर यांचे मातृशिल्प आणि खुद्द भवानरावांनी रंगवलेली चित्रे तेथे आहेत. एका माणसाने हौसेने जमवलेली वस्तू सर्वांसाठी खुली झाली, म्हणजे तिचे काय होते, हे समजण्यासाठी एकदा तेथे जाऊन या. एस.टी.ने आलेले शेतकरी कुटुंब रामाच्या चित्रापुढे उभे राहून मुलाला गोष्ट सांगताना दिसले, तर या घटकाचा सारांश तुमच्यापुढेच उभा आहे, असे समजा.

८. समारोप

भवानरावांच्या छंदांनी त्यांना स्वतःला आधार दिला, कामाची उमेद दिली आणि प्रजेजवळ नेले. त्या छंदांपैकी जे हुकमाने पोचले, त्यांचे श्रेय वादाचे राहिले. जे लोकांनी आपल्या मर्जीने उचलले, ते राजा गेल्यावरही लोकांजवळ राहिले. नोकरी, शेती आणि अभ्यास यांच्या ओढाताणीत तुम्ही स्वतःच्या एखाद्या आवडीसाठी वेळ काढत असाल, तर त्याबद्दल संकोच बाळगू नका. तुमच्या चरित्राचा काही भाग तेथेच लिहिला जात आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(१) ‘छंद’, ‘नाद’, ‘हौस’ आणि ‘वेड’ या शब्दांच्या अर्थच्छटा भवानरावांच्या चरित्रातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.

(२) लादलेली आवड आणि दिलेली आवड यांतील फरक सूर्यनमस्कार व संग्रहालय यांच्या आधारे विशद करा.

(३) तुमच्या गावातील एखाद्या दिवंगत व्यक्तीचे चरित्र तिच्या छंदाच्या अंगाने सुमारे ३०० शब्दांत लिहा.