तारांचे जंजाळ सोडवणारे पॉल आयस्लर

पॉल आयस्लर यांचा जन्म १९०७ मध्ये व्हिएन्नात झाला. १९३० मध्ये अभियंता होऊनही ज्यू असल्यामुळे तिथे त्यांना धड नोकरी मिळेना. छपाईच्या व्यवसायाची ओळख मात्र झाली. १९३६ मध्ये ते इंग्लंडला आले.

तेव्हा रेडिओतली प्रत्येक तार हाताने जोडत. एक डाख सुटला की रेडिओ बंद. आयस्लर यांनी छपाईची युक्ती वापरली. वीजरोधक पाटीवर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवायचा, विजेच्या वाटा शाईने झाकायच्या आणि उरलेले तांबे रसायनात विरघळवायचे. लंडनमधल्या खोलीत त्यांनी असा रेडिओ बनवला. एका कंपनीने तो नाकारला. तारा जोडणाऱ्या मुली तिला स्वस्त पडत होत्या. १९४० मध्ये शत्रुदेशाचे नागरिक म्हणून आयस्लर स्थानबद्ध झाले. सुटकेनंतर, १९४३ मध्ये, त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज ग्लुकोमीटर, ईसीजी यंत्र, श्रवणयंत्र यांत छापील सर्किट असते. घरी पहिला बोर्ड करणारे नवशिकेही मार्करने वाटा रेखून फेरिक क्लोराइडने तांबे काढतात. हे द्रावण त्वचा आणि डोळ्यांना इजा करते. म्हणून हातमोजे, संरक्षक चष्मा आणि खेळती हवा हवीच.